आतेचं जनेल

ही गोष्ट मी नवऱ्याला सांगितलेली नाही, मुलांना नाही, पाळी गावात माझं माहेर आहे तिथे सख्ख्या बहिणीच्या कानातही घातलेली नाही. देवीला सांगायची गरज नाही, तिला ठाऊकच आहे — आणि खरी अडचण तीच आहे. मग तुम्हाला का सांगते? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. समोरासमोर बसून सांगायची वेळ आली असती तर चहा टाकते म्हणून मी आत निघून गेले असते आणि बाहेर आलेच नसते.

हॉलपासून सुरुवात करते. कोरगावात आमचं घर अगदी रस्त्याला लागून आहे. नवं माणूस दारातून आत आलं की आधी हॉल बघतं आणि म्हणतं, "केवढा मोठा गो!" मी हसते. विषय बदलते. दर वेळी बदलते. इतकी वर्षं झाली, ते वाक्य काही जुनं होत नाही.

पूर्वी हा हॉल असा नव्हता. मधे लहानशी बसायची जागा, तिच्या उजव्या अंगाला आतेची खोली आणि डाव्या अंगाला आमची. आते म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या. लग्न होऊन वर्ष दीड वर्ष झालं नाही तोवर विधवा होऊन माहेरी परतली. पुढे माझ्या सासूबाई लवकर गेल्या, तेव्हा ह्या तिन्ही भावांना तिनेच वाढवलं. आमचे हे थोरले. मधले दीर पर्वरीला, धाकटे डिचोलीला. पण चवथ आली की सगळे इथे. गणपती एकच, मूळ घरातला.

आणि चवथीलाच जागेचं दुखणं उठायचं. गणपती, वर फळं-पानं टांगलेली माटोळी, समोर आरतीला घुमट वाजवत बसलेले पुरुष — मग बाकीच्यांनी उभं राहायचं कुठे? जेवणाच्या पंगती एकामागून एक उठायच्या, आणि शेवटच्या पंगतीला खतखत्यातली, म्हणजे मिसळभाजीतली, नुसती सुरणं राहायची. एका चवथीला मधल्या जावेचे वडील आले. त्यांना आत जागा मिळाली नाही म्हणून बाहेर पायरीवर, पावसाच्या झडीत, केळीच्या पानावर जेवावं लागलं. ते काही बोलले नाहीत. जाऊ बोलली. आणि विसर्जनाच्या संध्याकाळी मधले दीर शांतपणे म्हणाले की पुढच्या वर्षी आम्ही पर्वरीलाच वेगळा गणपती पुजू म्हणतो.

गणपती वेगळा करणं म्हणजे काय, हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. शेतं वाटली तरी लोक एकमेकांकडे जातात-येतात. गणपती वेगळा झाला की घर फुटलं. आते त्या दिवशी जेवली नाही.

मग हॉल वाढवायचा ठरला. पुढे रस्ता, मागे काजूच्या डोंगराची चढण, तेव्हा वाढायचं ते आतल्या आतच. गवंडी मेस्त आला, भिंती ठोकून बघितल्या, वर वाशांकडे मान करून बराच वेळ उभा राहिला. दोन्ही भिंती काढल्या तर छप्पर अंगावर येईल म्हणाला. एक काढा, कुठलीही. म्हणजे दोन खोल्यांतली एक जाणार. ज्याची जाईल त्याने मागे, स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत जायचं. तिथे आम्ही नारळ, सरपण आणि काजूची पोती ठेवायचो. खिडकी नव्हती, फक्त वर एक झरोका होता.

हे म्हणाले, "आपली काढूया." विचारसुद्धा केला नाही! त्यांच्या दृष्टीने त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. मी मान डोलावली. मनातून मात्र मला ते नको होतं.

ती खोली माझ्यासाठी काय होती ते सांगते — सबब म्हणून नाही. माहेरी पाळीला आमचं घर खाणीच्या ट्रकांच्या वाटेवर. भांड्यांवर, कपड्यांवर, भातावर लाल धूळ. दोन खोल्यांत आम्ही ढीगभर माणसं. साडी बदलायची तर पडद्याआड, आणि पडद्यालाही धाकट्या भावंडांनी भोकं पाडलेली. लग्न होऊन इथे आले तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मला आतून कडी लागणारं दार मिळालं. पहिल्या दिवशी मी ती कडी उगाचच लावून बघितली, काढून बघितली, परत लावली. ती कडी मला सोडायची नव्हती. बस, एवढंच.

आणि आतेच्या खोलीत काय होतं? जनेल. खिडकीला आम्ही जनेल म्हणतो. चिऱ्याची भिंत जाड, त्यामुळे खिडकीचा कट्टा चांगला रुंद, त्यावर आते मांडी घालून बसायची. सकाळी पाववाला पोदेर सायकलचा भोंगा वाजवत यायचा आणि गजांतून तिच्या हातात उंडे पाव ठेवायचा. मग ती अबोलीची फाती, म्हणजे माळ, ओवायला घ्यायची. बसची वाट बघणाऱ्या बाया जनेलाला टेकून घरच्या तक्रारी सांगायच्या, शाळेतल्या मुली केसांत माळायला तुकडा मागायच्या. दर शुक्रवारी सगळ्यात लांब माळ देवीसाठी. सारा गाव त्या जनेलावरून जायचा. हे सगळं मला दिसत होतं — आंधळी नव्हते मी.

आमची कुजबुज आतेने ऐकली असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, "तुमी भांडा नकात. देवीक विचारूया."

आमच्या भागात हे असंच चालतं. लग्न असो, विहीर असो, भिंत असो, देवीचा कौल घ्यायचा. गुरव ओल्या पाकळ्या देवीच्या अंगावर दोन्ही बाजूंना चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि मग सगळ्यांनी वाट बघत बसायचं. उजवीकडची पाकळी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. पाकळी पडली की वाद संपला. आमच्याकडे कोर्टाचा निकाल न मानणारी माणसं आहेत, कौल न मानणारं कोणी नाही. प्रश्न ठरला: आतेची खोली काढायची का? उजवा आला तर तिची, डावा आला तर आमची.

आतेचे गुडघे धरले होते, तिला चालवत नव्हतं. हे वीज खात्यात लाइनमन, आणि नेमक्या त्या सकाळी हरमलला कुठेतरी लाइन तुटली. पर्यटकांचा हंगाम, शॅकवाले फोनवर फोन करत होते. "तू जाऊन ये," म्हणाले. आतेने माळ केळीच्या पानात बांधून माझ्या हातात दिली. मी एकटी निघाले.

देवळात म्हातारा गुरव होता. प्रश्न काय म्हणून त्याने विचारलं. प्रश्न मनातला आहे, असं मी सांगितलं. तसं चालतं, खूप बायका मनातलाच प्रश्न ठेवतात. पण मी का ठेवला? पाप तेव्हाच मनात होतं का? खूपदा विचार केला. मला वाटतं — होतं.

पाकळ्या लावल्या. मी बसले. दिव्याची ज्योत हलत होती आणि पाकळ्या मात्र जागच्या हलत नव्हत्या. मी हात जोडून काय म्हणत होते, सांगू? "आई, उजवी पाड." खरं सांग असं म्हणत नव्हते, उजवी पाड म्हणत होते. घरी आतेने मला सून म्हणून कधी कामाला जुंपलं नव्हतं, माझ्या बाळंतपणात माझ्या अंगाला तेल चोळलं होतं, आणि मी तिची खोली जावी म्हणून देवीपुढे हात जोडून बसले होते.

डावी पडली.

"डावो दिल्यान गो बाय," गुरव म्हणाला आणि हातावर तीर्थ घातलं.

आता ह्याच जागी मी वर्षानुवर्षं एक पळवाट बांधून ठेवली आहे. देवीचा उजवा तो आपला डावा, नाही का? ती आपल्याकडे तोंड करून उभी असते. पाळीची पोर मी, इथली रीत मला कुठे नीट ठाऊक, गोंधळ झाला असेल! कधी पकडले गेले तर हे सांगायचं, असं मी अगदी शब्द जुळवून ठेवलं होतं. पण गोंधळ झाला नव्हता. गुरवाने तोंडाने सांगितलं होतं आणि मी कानांनी ऐकलं होतं.

देवळातून घर लांब नाही. शेतांच्या मेरेवरून येताना मी रडत होते, खोली जाणार म्हणून. खोटं बोलायचं असं तेव्हा ठरवलं होतं का? नव्हतं, शपथ घेऊन सांगते — पण माझ्या शपथेला आता काय किंमत? वळणावर आले तोच आते जनेलात दिसली. कधीपासून बसली असेल कोण जाणे. मी अंगणात पाय टाकायच्या आधी तिने गजांतून विचारलं, "उजवो इलो?"

"इलो."

एवढंच म्हणाले मी. एक शब्द. त्याला वेळही लागला नाही.

तिने कट्ट्यावरची परडी बाजूला सारली. मग म्हणाली, "बरा झाला गो. तिना सांगल्यान मगे झाला." आणि दुपारी तिने स्वतःच सामान काढायला घेतलं — पत्र्याची ट्रंक, समई, फुलांची परडी. मी मदत केली. ट्रंकेचा एक कान तिने धरला, दुसरा मी. हे संध्याकाळी घरी आले, ऐकलं, दोनदा विचारलं, "उजवो? नक्की?" मी हो म्हणाले. ते मागच्या दारी जाऊन नळ सोडून बराच वेळ तोंड धूत राहिले.

काजूच्या दिवसांत भिंत पडली. जुनं जनेल मेस्ताने गजांसकट उपसून काढलं. त्या जागी मोठी सरकती काच आली. पुढची चवथ अशी झाली की विचारू नका! सगळी माणसं एकाच पंगतीला बसली, मधल्या जावेचे वडील पाटावर, पहिल्या मानाने. दिरांनी गणपती वेगळा केला नाही. सगळे म्हणाले, थोरल्या सुनेने घर एकठांय राखलं. मी वाढत होते. आते मागच्या खोलीच्या उंबरठ्यावर बसून नारळ खोवत होती आणि मधूनच आवाजाच्या रोखाने बघत होती.

तेव्हापासून मी भीतच जगले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं. गुरव रस्त्यात दिसला की मी वाट बदलायची. जत्रा आली की आतेला आधीच सांगायची — गर्दी असते, गुडघे दुखतील, मी प्रसाद आणते. न जाणो, म्हातारा तिच्यापुढे सहज बोलून जायचा, तुमच्या सुनेक डावो दिल्लो मगे? नवल म्हणजे आते कधी हट्ट धरायचीच नाही. बरं म्हणायची. शुक्रवारची माळही हळूहळू बंद झाली. मागच्या खोलीत उजेड नाही, तिला सुईतला दोरा दिसत नसेल, अशी मी माझी समजूत घातली. सोयीची होती समजूत.

पुढे तो गुरव वारला. गाव हळहळलं, मीही पदर डोळ्यांना लावला. पण आत काय वाटलं, तेही सांगून टाकते — सुंठीवाचून खोकला गेला असं वाटलं. माणूस मेला आणि मला त्या दिवशी भूक लागली.

आणि ज्यासाठी एवढं केलं ते टिकलं का? मधल्या दिरांच्या मुलाचं लग्न झालं, सून शहरातली, फ्लॅट मोठा. गणपती पर्वरीला गेलाच. तीन वर्षांनी धाकट्यांनीही नेला. आता चवथीला ह्या हॉलमध्ये आम्ही चार माणसं, आरती म्हटली की आवाज घुमतो. एरवी इथे आम्ही कपडे वाळत घालतो. हे तुम्हाला शिक्षा वाटेल. मला ती शिक्षा वाटली नाही, नुसता राग आला दिरांचा. शिक्षा मला दोन वर्षांमागे मिळाली.

चवथीच्या आदल्या दिवशी आम्ही माटोळी बांधत होतो. आते खाली बसून कवंडळं निवडून देत होती. बोलायला काही नव्हतं म्हणून मी विचारलं, देवीला माळ का पाठवत नाहीस हल्ली? दोरा मी ओवून देईन. तिने हातातलं फळ खाली ठेवलं. म्हणाली, "तिना माका खोलयेतसून भायर काडल्यान. खयच्या तोंडान माळ धाडू? माझा कायतरी चुकला आसतला."

मला आधी कळलंच नाही. मग ती बोलत राहिली, खाली बघून, अगदी सहज. काय चुकलं ते तिने शोधून काढलं होतं. नवऱ्याला पहिल्यांदा ताप आला त्या दिवशी ती जत्रेला म्हणून हट्टाने माहेरी आली होती. परत गेली तेव्हा त्याची शुद्ध हरपली होती. एवढी वर्षं देवीने पोटात ठेवलं, म्हणाली, आणि शेवटी खोलीच्या निमित्ताने सांगून टाकलं.

ऐकलंत ना? मला वाटत होतं मी तिची खोली घेतली, जनेल घेतलं. घेतलं काय होतं मी? नवरा गेल्यावर त्या बाईला एक देवी होती. ती देवीच मी तिच्यावर उलटवली. आणि ती त्या बिनखिडकीच्या खोलीत बसून, नसलेल्या अपराधाची माफी मागत होती. अपराध करणारी तिला पेज नेऊन देत होती, वर लोणच्याची फोड.

तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडलं होतं मी. तेवढ्यात हे नारळाचा घड घेऊन आत आले आणि मी म्हणाले, "तो डाव्या बाजूक बांदा." माटोळीतला घड! एवढंच बोलले.

आता कालचं सांगते आणि संपवते. आते थकली आहे फार. डॉक्टर काही बोलत नाहीत, हातानेच सांगतात. काल सकाळी तिने मला जवळ बोलावलं. एकदा देवीला बघायचं आहे म्हणाली. पण न विचारता कशी जाऊ? तू जा, कौल घे, मी आलेली तिला चालेल का विचार.

मी गेले. गुरवाचा मुलगा आता पूजा करतो. माझ्यापुढे दोन-तीन माणसं होती, मी त्यांच्या मागे उभी राहिले. माझा नंबर आला तेव्हा मी देवीकडे बघितलं, आणि मला तिला काहीही विचारता येईना. डावी पडली असती तर? उजवी पडली असती तरी मी कुठल्या तोंडाने घेतली असती? पोराने हात पुढे करून विचारलं, "वयनी, प्रश्न?" मी मान हलवली, मागे फिरले आणि पायऱ्या उतरले.

आते मागच्या दाराच्या पायरीवर येऊन बसली होती. तिला कोणी आणून बसवलं, की भिंत धरत एकटीच आली? माझी चाहूल लागली तशी तिने मान वर केली. आणि तेच विचारलं, त्याच शब्दांत.

"उजवो इलो?"

खरं सांगितलं असतं तरी ती देवळात जाऊ शकली असती. उलट ताठ मानेने गेली असती. हे मला तेव्हाही कळत होतं.

"इलो," मी म्हणाले.

ती रडली. मी तिला एवढी रडताना पाहिलेली नाही. "इतक्या वर्सांनी तिना माका बोलावल्यान," म्हणत राहिली. मग डोळे पुसून अबोली मागितली. दोरा मी ओवून दिला. तिने माळ केली, वाकडीतिकडी, पण लांब. शेवटचा तुकडा तोडून घेतला, मला खाली वाकायला लावलं आणि माझ्या अंबाड्यात माळला. "माझ्यासाठी चलत गेलंस गो बाय."

अबोलीला वास नसतो, त्यामुळे ती केसांत आहे हे विसरायला होतं, असं बाया म्हणतात. मला कालपासून एकदाही विसरायला झालेलं नाही.

उद्या आम्ही जाणार. गुरवाचा मुलगा मला ओळखेल, आणि आतेसमोर सहज म्हणेल का, वयनी त्या दिवशी न विचारताच परत गेली? म्हणेलही. हे गाडी काढतील. आतेला पुढे बसवू, खिडकीजवळ. मी मागे बसेन.